रुखवताचं उट्टं

माझ्या आईला मराठीत गाता येत नव्हतं, आणि माझ्या लग्नात तिला मराठीतच गावं लागलं. सगळं तिथून सुरू झालं.

आमचं माहेर कानडी सीमेकडच्या माकणीचं. आम्ही लिंगायत. घरातलं बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. आई कानडी मुलखातल्या आळंदकडची, तिचं तर जवळजवळ सगळंच कानडी. आम्ही तिला अव्वा म्हणायचो. कानडी गाण्यात अव्वाच्या तोंडाला तोंड देईल अशी बाई आमच्या गावात नव्हती. लग्नात व्याह्यांकडची एखादी विहीण समोर उभी राहिली, की अव्वा तिला पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळायची आणि तिथल्या तिथं गाणं जुळवायची. विहिणीची चाल, तिचा अंबाडा, तिनं किती लाडू उचलले, सगळं त्यात यायचं. ज्या विहिणीवर गाणं असायचं तिलाही हसू आवरायचं नाही.

पण मला दिलं भूम तालुक्यातल्या ईटला. संस्थान जाऊन तीन-चार वर्षं झाली होती, आणि ईटकडच्या माणसांना कानडीचा गंध नव्हता. लग्नही मुलाच्या गावी ठरलं. आमच्याकडून बैलगाड्यांत बसून येतील तेवढ्याच बायका जाणार होत्या. रुखवत घेऊन नवरीकडच्या बायका जातात, आणि पाटीवरचं फडकं उचलायच्या आधी दोन्ही बाजूंनी गाणी होतात. एक बाजू टोमणा मारते, दुसरी उलटा मारते. जी बाजू अडते ती हरते, आणि ते हरणं पुढं कितीतरी वर्षं निघतं.

अव्वानं ते फार मनावर घेतलं. गावातल्या शाळामास्तरांच्या बायकोकडून तिनं मराठी गाणी घेतली. भाकरी थापताना, शेण सारवताना ती तीच म्हणत राही. शब्द तिच्या तोंडात बसत नव्हते. मी दुरुस्त करायला गेले की म्हणायची, "तू गप बस. म्या पाठ करती सगळं." आणि खरंच तिनं सगळं पाठ केलं. माझ्या हळदीपर्यंत एकही शब्द चुकत नव्हता.

ईटच्या मांडवात मी बाशिंगाखालून सगळं पाहत होते. अव्वा डोक्यावरचा पदर सावरून उभी राहिली आणि सुरू झाली. पहिलं गाणं नीट गेलं. दुसरं अर्ध्यावर आलं आणि समोरून एक बाई मध्येच उठली. ती माझ्या सासऱ्यांची बहीण, कळंबला दिलेली. मला ती आत्याबाई. उंच, गोरी, नाकात भली मोठी नथ, आणि आवाज असा की मांडवाबाहेर बांधलेले बैल मान वळवतील. कळंबच्या बाजारपेठेत धान्याचा व्यापार असलेलं तिचं घर, आणि रुखवताच्या गाण्यांत तिचं नाव चार तालुक्यांत होतं.

तिनं अव्वाचं गाणं मध्येच तोडून भलतंच काहीतरी विचारलं. गाण्यातच विचारलं, की तुमची लेक आमच्याकडं येऊन काय काय करणार? याचं उत्तर अव्वानं पाठ केलं नव्हतं. मग मनानं जुळवून म्हणाली,

"माझी लेक येतो तुमच्या घरी..."

एवढंच. येते म्हणायचं ते येतो म्हणाली. कानडी माणसाची मराठीत ही चूक ठरलेली. आत्याबाईनं श्वासही घेतला नाही.

"लेक येतो म्हणती विहीण, मिशा कुठं ठेवल्या?
बाशिंग बांधलं कुणाला गं, बांगड्या कुणी भरल्या?"

मांडव फुटला. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. पलीकडं पुरुष बसले होते, तेही हसले. माझा नवराही हसला. ते मी त्याला पुढं बरीच वर्षं विसरू दिलं नाही. अव्वा पदर तोंडाला लावून खाली बसली. पाठ केलेली बाकीची गाणी तशीच तिच्या पोटात राहिली.

त्या दिवशी बाशिंगाखाली बसून मी ठरवलं, की या बाईला मी अशीच भर मांडवात खाली बसवीन. नवरीनं लग्नात काय काय मनात आणायचं असतं ते मला माहीत नाही. माझ्या मनात तेवढंच होतं.

पुढं आत्याबाई सणावाराला माहेरी यायची ती उंबऱ्यातूनच विचारायची, "काय सूनबाई, मिशा कुठं ठेवल्या?" घरातली पोरं मला मिशीवाली काकी म्हणायला लागली. मी हसून तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवायची. मला सगळ्यात जास्त लागायचं ते माहेरी गेल्यावर. अव्वानं गाणं सोडलं होतं. मराठीच नव्हे, कानडीसुद्धा. गावात लग्न असलं, बायका बोलवायला आल्या, की म्हणायची, "घसा बसलाय." तिचा घसा वर्षानुवर्षं बसलेलाच राहिला.

मी गाणी जुळवायला लागले. पहाटे जात्यावर बसलं की एकेक ओळ सुचायची. आत्याबाईची नथ, तिची पातळ कढी, जेवताना आवाज करायची तिची खोड, सगळ्यावर मी गाणी केली. तिच्या प्रत्येक मुक्कामात मी तिला निरखत होते. ती मला सेवा करणारी गुणी सून समजत होती. मी तिचे पाय चेपताना यमक शोधत होते.

ही गाणी मी म्हणून दाखवायची ती फक्त गावातल्या बांगड्या भरणाऱ्या भाबीला. ती मुसलमानाची, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणारी, बाजारच्या दिवशी कळंब-भूमपर्यंत टोपली घेऊन जाणारी. त्यांच्या लग्नांतही ढोलकीवर बायका समोरच्या बाजूला गाण्यातून शिव्या घालतात, आणि भाबी त्यात पटाईत होती. माझी गाणी ऐकून ती आधी खूप हसली. मग म्हणाली, "गाना अच्छा है. मगर तू आँखां मीचको गाती. सामनेवाली का मूँ देखको गा ना."

मी म्हणाले, "तोंड बघितलं की विसरायला होतं, भाबी."

"तो फिर तेरी माँ जैसा होता. सामनेवाली अडाती, तू अडती."

मला राग आला. पण खरं होतं. त्या दिवसापासून भाबी आत्याबाई झाली आणि मी मी. बांगड्या भरता भरता ती मध्येच तोडायची, वेडंवाकडं विचारायची, खोकायची, हसायची, आणि मी अडले की हातातली बांगडी मुद्दाम दाबून घालायची. माझ्या मनगटाला किती ओरखडे आले असतील. पण हळूहळू मी अडेनाशी झाले. जुळवून ठेवलेलं गाणं कुठं मोडायचं, अर्धी ओळ कशी फिरवायची, ते मला यायला लागलं. गाणी हाताशी असल्यामुळंच नवी ओळ सुचते, हेही कळलं. भांडं रिकामं असलं तर फोडणी कशावर घालणार?

याच वर्षांत एकदा सासूबाईंनी मला एक गोष्ट सांगितली. आम्ही दोघीच चुलीपाशी होतो. आत्याबाई नुकतीच परत गेली होती आणि जाताना पुन्हा माझ्या मिशांची चौकशी करून गेली होती. सासूबाई नणंदेविरुद्ध कधी अक्षर बोलायच्या नाहीत. त्या दिवशी बोलल्या. संस्थान जायच्या आधीच्या लुटालुटीच्या, जाळपोळीच्या दिवसांत गावात राहणं धोक्याचं झालं, सासरे बाहेरगावी अडकले होते, तेव्हा सासूबाई तान्हं लेकरू घेऊन गाडीनं कळंबला नणंदेच्या दारात गेल्या.

"कडी वाजवली," त्या म्हणाल्या. "आतून वन्संच बोलल्या, आमच्याकडं जागा न्हाई म्हणून. दाराच्या मागंच हुब्या व्हत्या. बांगड्या वाजत व्हत्या त्यांच्या. पर दार काय उघाडलं न्हाई."

"मग तुमी कुठं गेलात?"

"पलीकडच्या एका म्हातारीच्या कडब्याच्या गंजीआड बसले." मग त्यांनी लाकूड आत सारलं. "आजवर कुणाला सांगितलं न्हाई. ह्यांनाबी न्हाई. तूबी गाण्यात घालायचं न्हाई."

म्हणजे माझी गाणी त्यांना ठाऊक होती. मी मान हलवली. पण दुसऱ्या पहाटे जात्यावर ते गाणं आपोआप आलं. बंद दाराचं गाणं. माझ्या सगळ्या गाण्यांत ते एकच असं होतं की त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

महाराष्ट्र झाला त्या सुमाराला माझ्या नशिबानं दार उघडलं. आत्याबाईच्या धाकट्या मुलाला माकणीची मुलगी पसंत पडली, माझ्या सख्ख्या चुलत्यांची मुलगी. लग्न माकणीला होणार होतं. आत्याबाई वरमाय म्हणून माझ्या गावी येणार होती. मी सासूबाईंना म्हणाले, "आई, मी माहेरच्या बाजूनं बसते."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बस," त्या म्हणाल्या. "पर चांगलं पाठ करून बस."

माकणीच्या मांडवात रुखवताच्या पाट्या ठेवल्या, आणि मी उभी राहिले. समोर आत्याबाई. तीच नथ, आता थोडी जास्तच मोठी वाटली. मला बघून तिनं भुवया वर केल्या. "अगं बाई, तू तिकडं?" मी डोळे मिटले नाहीत. तिच्या तोंडाकडं बघून म्हणाले,

"वरमाईची नथ एवढी, घास जाईना तोंडात,
नथ बाजूला धराया म्हणून सून आणली घरात!"

माकणीच्या बायकांनी टाळ्या पिटल्या. आत्याबाई हसली. खरंच हसली, एखाद्या पहिलवानानं पोराचा डाव बघून हसावं तशी. आणि लगेच,

"नथ धराया सून आणली, तुझी जीभ कोण धरी?
खाती भाकर सासरची अन् फुंकती माहेरची तुतारी!"

यावर तर आमच्या बाजूच्या बायकाही हसल्या. मी कढीचं गाणं काढलं. तिनं ती कढी माझ्याच डोक्यावर ओतली. मी तिच्या जेवणाच्या आवाजावर म्हणाले, तिनं तो आवाज माझ्या नवऱ्याच्या घोरण्याचा करून टाकला. मी अडत नव्हते. भाबीच्या बांगड्यांचा उपयोग होत होता. पण मी बाण सोडायचे आणि ती तो हातात धरून परत फेकायची. माझी एवढ्या वर्षांची तयारी तिला नाश्त्यालाही पुरत नव्हती. घाम माझ्या पाठीवरून ओघळत होता. आणि मनात ते एकच गाणं वर येत होतं, बंद दाराचं. सासूबाई समोरच्या बाजूला बसल्या होत्या. त्यांची नजर माझ्यावर होती. ते गाणं मी गिळलं.

तेवढ्यात आत्याबाईनं माझ्यावरची नजर काढली आणि मागं बसलेल्या अव्वाकडं वळवली. अव्वा कोपऱ्यात तांदूळ निवडल्यासारखी खाली बघून बसली होती. आत्याबाई म्हणाली,

"लेक येतो म्हणती विहीण, मिशा कुठं ठेवल्या?..."

तेच गाणं, शब्दानं शब्द तेच. तिच्याकडच्या बायका तिच्याबरोबरच दुसरी ओळ म्हणायला लागल्या, म्हणजे ते त्यांना पाठ होतं. म्हणजे इतकी वर्षं ती ते ठिकठिकाणी म्हणत आली होती, आणि माझी अव्वा चार तालुक्यांतल्या मांडवांत हसं होऊन फिरत होती. एवढी गाणी जुळवली होती, पण याच्यावर एकही नव्हतं. ते शब्द मी कधी ओठांवर येऊच दिले नव्हते. मी अडले.

मागून अव्वा उठली. पदर नीट केला, आत्याबाईपुढं आली, हात जोडले आणि अगदी नम्रपणे, पाहुणीला आग्रह करावा तशी म्हणाली,

"हाडव्वा, इन्नोंदु हाडु."

गा बाई, आणखी एक गा. कानडीत हाडु म्हणजे गा. माकणीतल्या पोरासोरांनाही ते कळतं. आत्याबाईला फक्त हाड ऐकू आलं.

तिचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "काय म्हणली? हाड म्हणली मला?"

आमच्या बायकांना क्षणभर उमगलं नाही. मग एकीला उमगलं, तिच्यावरून दुसरीला, आणि सगळ्या मांडवातून सुरू झालं, "हाडु, हाडु! हाडव्वा, हाडु!" म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, पोरी, सगळ्या हात जोडून तिला गायचा आग्रह करीत होत्या. आणि तिला वाटत होतं, सगळं गाव आपल्याला कुत्र्यासारखं हाकलतंय. ती इकडं वळली, तिकडं वळली. शब्दाला शब्द जुळवणारी बाई, तिला एक शब्द सुचेना. ती तरातरा मांडवाबाहेर निघाली.

आणि मग मला सुचलं. जुळवलेलं नव्हतं, पाठ नव्हतं, कुणी शिकवलेलं नव्हतं. तिची पाठमोरी चाल बघितली आणि आलं.

"गा म्हणलं तर पळत सुटली, हाड म्हणलं कुणी?
वरमाय धरा गं, दाव्याला बांधा, पाजा वाटीभर पाणी!"

त्या हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी कोणताही सण, कोणतंही बारसं इतकं मनापासून साजरं केलेलं नाही. आत्याबाई दारात थबकली, तिचा पदर मांडवाच्या मेढीला अडकला आणि ती तो सोडवत उभी राहिली, तेवढा वेळ मी तेच गाणं पुन्हा म्हणाले. मुद्दाम, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

पुरुषांनी मध्ये पडून तिची समजूत घातली, हाडु म्हणजे काय ते चारचौघांनी शपथेवर सांगितलं, मग कुठं वरमाय परत येऊन बसली. गायली मात्र नाही. रुखवत तिनं हातानं शिवलं आणि सारून दिलं.

मी अव्वाला स्वयंपाकघरात गाठलं. "अव्वा, तू मुद्दाम म्हणलीस का?"

ती पानं मांडत होती. "म्या गा म्हणलं, की," ती म्हणाली. "पाहुणीला गा म्हणू नाई?" तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. पुष्कळ वर्षं मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं. ती प्रत्येक वेळी हेच सांगायची. पण त्या दिवशी पंगतीला वाढताना ती कानडीत काहीतरी गुणगुणत होती, आणि तिचा घसा अगदी मोकळा होता.

आनंदात माझ्या लक्षात एक गोष्ट आली नव्हती, ती माझ्या चुलतीनं दुसऱ्या दिवशी लक्षात आणून दिली. "तू जितलीस गं," ती म्हणाली, "पर आता माझी पोर त्या घरात नांदायची हाय."

आणि तसंच झालं. नागपंचमी जवळ आली. लग्नानंतरची पहिली पंचमी, पोर माहेरी यायलाच हवी. चुलते आणायला कळंबला गेले ते रिकाम्या हातानं परत आले. आत्याबाईनं सांगितलं होतं, घरात काम आहे, सून पाठवता येणार नाही. पोर आतल्या दारात उभी राहून रडत होती म्हणे.

मला पस्तावा झाला नाही. मला राग आला. माझ्यावरचा राग तिनं पोरीवर काढला याचा. मी भाबीला बोलावलं. तिचा बाजार कळंबला होताच. मी म्हणाले, "भाबी, आत्याबाईच्या घरी बांगड्या भरायला जा. आणि त्यांना एवढंच सांग, की ईटच्या सुनेकडं दाराचं एक गाणं तयार हाय. या सालात चिक्कार लग्नं हायेत."

"कौनसे दरवाजे का?" भाबीनं विचारलं.

"ते त्यांना कळंल."

भाबी परत आली ती डोळे मोठे करून. आत्याबाईला निरोप सांगितला तेव्हा तिचा हात भाबीच्या हातात होता. तो गार पडला म्हणे. मग माझ्या सासूबाई कशा आहेत ते विचारलं. ते आजवर तिनं कुणापाशी विचारलेलं आम्हाला ठाऊक नव्हतं.

सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या भाकरी थापत होत्या. परातीवरचा हात थांबला. "म्हणलीस का गाणं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. आहे एवढंच सांगितलं."

त्यांनी पुन्हा भाकरी थापायला घेतली. त्या दिवशी त्यांनी मला माझ्या वाट्याची सोडून आणखी एक वाढली, तूप लावून.

पंचमीच्या आदल्या दिवशी पोर मोटारीनं माकणीला पोचली. मीही माहेरी आले होते. पोरीच्या अंगावर नवं लुगडं, हातात कोपरापर्यंत बांगड्या, आणि बरोबर आत्याबाईनं दिलेला लाडवांचा डबा. ती मला म्हणाली, "अक्का, आत्याबाईनं तुला एक सांगायला सांगितलंय."

"काय?"

"म्हणाल्या, मी कुणाला भिऊन पाठवली न्हाई म्हणावं. आमच्या घरचं काम उरकलं, म्हणून पाठवली."

मी त्यातला एक लाडू उचलला. पाक चांगला जमला होता. "बरं," मी म्हणाले, "त्यांना म्हणावं, मी कुठं काय म्हणते." आणि पोरीला झोक्याकडं पाठवून मी दुसरा लाडू घेतला.